नव्या घरात साफसफाईचं सामान घेताय? आधी पाणी आणि फरशी बघा

आमच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी बाथरूमच्या टाइलवर पांढऱ्या सिमेंटचे ठिपके राहिले होते. हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिडची बाटली आणली, टाइलवर टाकली, ठिपके निघाले. पण ते ओघळत दाराच्या संगमरवरी उंबऱ्यापर्यंत गेलं. उंबऱ्यावर सोडा फसफसावा तसा फेस आला आणि मी बादलीभर पाणी ओतेपर्यंत हातभर पट्टा पांढुरका पडला. बोट फिरवून पाहिलं तर मघाशी काचेसारखा गुळगुळीत असलेला दगड खडूसारखा लागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीच्या स्टीलच्या जाळीवर आणि नळाच्या बुडाशी तपकिरी डाग दिसले. तिथे ॲसिड पोचलंही नव्हतं, नुसती वाफ लागली होती.

तो पट्टा आजही तसाच आहे. त्यानंतरच्या वर्षात मी मशीन, मॉप, व्हॅक्यूम क्लीनर, डझनभर बाटल्या असं बरंच काही घेतलं. त्यातलं निम्मं चुकीचं निघालं, कारण वस्तू चांगली आहे का एवढंच मी बघत होते. माझ्या घरच्या पाण्याला आणि फरशीला ती चालेल का, हे विचारलंच नव्हतं. पहिल्यांदाच भाड्याने किंवा स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. हाच क्रम ठेवा. दुकानात जायचं काम चौथ्या पायरीला येतं.

१. पाणी ओळखा

आपल्याकडे एकाच सोसायटीत तीन प्रकारचं पाणी येऊ शकतं: महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं. पुण्यात खडकवासल्याच्या साखळीतल्या धरणांचं किंवा मुंबईत तानसा-भातशाचं पाणी सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं असतं, त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी खडकातून मुरत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हटलं होतं. घरात आपण जड पाणी म्हणतो. टँकरचं पाणी कुठून भरलंय यावर सगळं अवलंबून, आणि बहुतेक वेळा ते बोअरचंच असतं.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पारदर्शक बाटली अर्धी पाण्याने भरा, त्यात अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि दहा-पंधरा वेळा जोरात हलवा. वर भरपूर फेस आणि खाली पाणी स्वच्छ दिसलं तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि खाली दुधट पाणी, त्यात पांढरा साका तरंगताना दिसला तर जड. भांड्याचं लिक्विड वापरून ही परीक्षा करू नका, ते जड पाण्यातही फेस देतं आणि तुमची फसगत होते.

घरातल्या खुणाही खूप सांगतात. तूरडाळ नेहमीपेक्षा उशिरा शिजते, चहाच्या पातेल्याला आतून पांढरी कड धरते, शॉवरची भोकं एकेक करून बंद होतात. शेजारच्यांना गिझरची कॉइल किती दिवसांनी बदलावी लागते ते विचारा, लगेच अंदाज येईल. पाणी तापलं की त्यातले क्षार घट्ट होऊन बसतात, म्हणून पहिला मार गिझरला आणि हीटर असलेल्या वॉशिंग मशीनला.

इथे एक गैरसमज दूर करते. बाजारात मिळणारा पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले सगळे पदार्थ एकत्र मोजतो, जडपणा वेगळा सांगत नाही. आकडा हवाच असेल तर जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याच्या दृष्टीने मर्यादेत असलेलं पाणीही मशीनच्या हीटरला चांगलंच त्रासदायक असू शकतं. स्वयंपाकघरातल्या आरओचा इथे काही उपयोग नाही, तो फक्त पिण्यापुरता.

२. फरशी आणि ओटा ओळखा

ही पायरी सगळे टाळतात आणि सगळ्यात महाग चूक इथेच होते. संगमरवर, कोटा, शहाबादी, कडप्पा ही चारही मुळात चुन्याची भावंडं आहेत. ॲसिड लागलं की ती विरघळतात, आणि चकाकी गेली की घासून परत येत नाही, मशीनने पॉलिश करावं लागतं. जुन्या घरातली मोझॅकची फरशी म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडे, तिलाही हाच नियम. लिंबू, व्हिनेगर, चिंच ही सुद्धा ॲसिडच. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची अर्धी फोड पालथी राहिली तर सकाळी तिथे फिकट गोल उमटलेला असतो, पुसून जात नाही.

विट्रिफाइड आणि सिरॅमिक टाइल, ग्रॅनाइट हे बरेच सोशीक. पण टाइलच्या सांध्यांमधलं सिमेंट सोशीक नसतं. दर आठवड्याला ॲसिडने बाथरूम धुणाऱ्या घरांत सांधे पोकळ होतात आणि वर्ष-दोन वर्षांत खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते. मग भांडण वॉटरप्रूफिंगवरून होतं, ॲसिडचं कुणी नावही काढत नाही.

दगड कोणता ते कळत नसेल तर फ्रिजखालच्या किंवा कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. मिनिटभर बघा, मग पुसून घ्या. बारीक बुडबुडे आले किंवा तेवढ्या जागी चकाकी उतरली तर त्या घरात ॲसिडची बाटली फक्त कमोडपुरती. भाड्याचं घर असेल तर ही चाचणी करू नका, घरमालकांना सरळ विचारा आणि राहायला जाण्याआधी फरशीचे, ओट्याचे, नळांचे फोटो काढून त्यांना पाठवून ठेवा. डिपॉझिट परत घेताना हेच फोटो कामाला येतात.

लाकडी किंवा लॅमिनेटची फरशी असेल तर पिळून जवळजवळ कोरडं केलेलं फडकं फिरवा. पाणी सांध्यात शिरलं की पट्ट्या फुगतात.

३. हे सगळं वापरणार कोण?

तुमच्याकडे कामाला मावशी येणार असतील तर मॉप त्यांना विचारून घ्या. मी महागाचा स्पिन मॉप आणला होता. आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी दोन दिवस वापरला आणि तिसऱ्या दिवशी जुनं फडकं काढलं. कारण विचारल्यावर त्यांनी मॉपचा दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हीच पलंगाखाली घालून बघा." दांड्याचा सांधा वळत नव्हता, पलंगाखाली वीतभर जाऊन अडायचा. त्या म्हणाल्या तसा चपटा, दांडा पूर्ण आडवा होणारा मॉप आणला तेव्हा त्यांचे गुडघेही वाचले आणि पलंगाखालची धूळही निघाली.

रबरी हातमोजे मात्र विचारत बसू नका, त्यांच्या मापाचे आणून द्या, फाटले की नवे आणा. धुण्याचा सोडा, ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर रोज हाताला लागून कातडी सोलवटते. आपल्या घरात ते काम कुणीही करत असलं तरी त्याच्या हातांची काळजी आपल्यावर आहे.

घरी आजी-आजोबा असतील तर ओल्या फरशीचा विचार आधी करा: वायपर, कोरडा मॉप आणि न घसरणारं पायपुसणं. रांगतं मूल असेल तर बाटल्या वरच्या कपाटात, सिंकखाली नाहीत. मांजर असेल तर फिनाईल घरातच आणू नका. फिनॉलचा अंश त्यांच्या शरीराला पचत नाही, आणि फरशीवर चाललेले पाय मांजर चाटतंच.

४. पहिल्या महिन्यासाठी एवढंच घ्या

• फुलझाडू घरासाठी, हिरांचा खराटा गच्ची-अंगणासाठी, आणि सुपली. नवा फुलझाडू आठवडाभर भुसा सांडतो. बाहेर नेऊन आपटा आणि जुन्या कंगव्याने विंचरा, निम्मा त्रास जातो.
• जळमटं काढायचा लांब दांड्याचा ब्रश.
• चपटा मॉप, दोन कापडांसह. एक धुतलेलं, एक वापरात.
• वायपर: एक मोठा बाथरूमच्या फरशीला, एक छोटा काचेला आणि टाइलला.
• दोन बादल्या. एक साबणाच्या पाण्याची, एक फडकं खळबळायची. एकाच बादलीत खळबळलं तर तीच घाण घरभर फिरते.
• चार रंगांची मायक्रोफायबर फडकी. ओट्याचं, डायनिंगचं, बाथरूमचं, बाकीचं. ती धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, धूळ धरायची ताकद जाते.
• टॉयलेट ब्रश, नारळाचा काथ्या, साधी घासणी, जुने टूथब्रश.
• भांड्यांचं लिक्विड, कपड्यांचा डिटर्जंट, फरशीचं लिक्विड, टॉयलेट क्लीनर, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, आणि किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व.

पंखा पुसायला काही विकत घेऊ नका. उशीचा जुना अभ्रा पात्यात घाला, दोन्ही बाजूंनी दाबून बाहेर ओढा, धूळ आतच राहते. पंखा बंद आणि बटणाला चिकटपट्टी लावून मगच स्टुलावर चढा.

लक्ष्मीपूजनाला केरसुणी घ्याल तेव्हा ती शिंदीची घ्या, पूजेनंतर वापरातही काढा. कोपऱ्यातली धूळ ती फुलझाडूपेक्षा चांगली ओढते.

५. बाटल्यांमध्ये काय आहे ते समजून घ्या

दुकानात चाळीस बाटल्या दिसतात, पण आतली कामं चारच.

ॲसिड क्षार आणि गंज काढतं. टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. सुटं मिळणारं ॲसिड त्यापेक्षा कितीतरी तीव्र असू शकतं. सोसायट्यांमधून सायकलवर "ॲसिड, फिनाईल" ओरडत येणारे पुष्कळदा ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत देतात. माझी कळकळीची विनंती आहे, असं ॲसिड घरात घेऊ नका. पाण्याची बाटली समजून कुणीतरी तोंडाला लावतं, तेव्हा वर ना लेबल असतं ना सूचना. नळावरचे, शॉवरचे क्षार काढायला लिंबूसत्त्व पुरतं: एक मग कोमट पाण्यात दोन चमचे, ते प्लास्टिकच्या पिशवीत भरून पिशवी शॉवरच्या तोंडाला रबरबँडने बांधा, तासाभराने काढून टूथब्रश फिरवा आणि पाण्याने धुवा.

साबण आणि सोडा तेल-मेण काढतात. चिमणीच्या आणि एक्झॉस्टच्या जाळीला गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड यात अर्धा तास भिजवून ठेवा. पण जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा वापरू नका, ती काळी पडते. नुसतं लिक्विड आणि गरम पाणी घ्या.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ते जंतू आणि बुरशी मारतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर गार पाण्यात २० मिलिलिटर पुरे. आधी साबणाने धुवायचं, मग ब्लीचचं पाणी लावून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर घाणच ते खाऊन टाकते. तयार केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा.

फिनाईल आणि फरशीचं लिक्विड: इथे एकच सांगते, टोपण मोजून घाला. जास्त घातलं की फरशीवर चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि आपण आणखी जास्त घालतो. तुमची फरशी पुसल्यावर तासाभराने पायाला चिकट लागत असेल तर आठवडाभर नुसत्या पाण्याने पुसून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. कमोडमध्ये आधी टॉयलेट क्लीनर टाकलाय आणि "अजून स्वच्छ व्हावं" म्हणून वरून ब्लीच, हे बंद दाराच्या छोट्या बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. ब्लीच आणि अमोनिया यांचंही जमत नाही, आणि काच पुसायच्या काही स्प्रेमध्ये अमोनिया असतो. दोन बाटल्या कधीच एकत्र करू नका. एक वापरली की भरपूर पाणी, आणि दुसरी दुसऱ्या दिवशी. घसा खवखवला, डोळे चुरचुरले तर सफाई तिथेच सोडा, बाहेर मोकळ्या हवेत या आणि दार-खिडक्या उघड्या राहू द्या.

अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटं धरा, हळद-तूप काही लावू नका. पोटात गेलं तर उलटी करवू नका. आत जाताना जेवढं भाजतं तेवढंच बाहेर येताना भाजतं. १०८ ला फोन करा आणि ती बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फसफसवायचे व्हिडिओ खूप फिरतात. ते धोक्याचं नाही, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळजवळ खारट पाणी उरतं. सोडा आधी चोळून धुवा, व्हिनेगर नंतर वेगळं लावा, म्हणजे दोघांचंही काम होईल.

६. वॉशिंग मशीन घ्यायच्या आधी जागा मोजा

मॉडेल बघण्याआधी टेप घेऊन ड्राय बाल्कनीत उभे राहा. लांबी-रुंदी तर मोजाच, शिवाय दाराची रुंदी, जिन्याचं वळण, मागे पाइपला लागणारी चार बोटं जागा आणि फ्रंट लोडचं दार पूर्ण उघडायला पुढची जागा. १६ अँपिअरचा अर्थिंग असलेला सॉकेट जवळ आहे का ते बघा. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटरचं मशीन लावायचं नाही. पावसाचा शिंतोडा कुठवर येतो हेही एखाद्या पावसाळी दिवशी बघून ठेवा.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पाण्याचा दाब तपासायलाच हवा. पुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंचीचं पाणी, म्हणजे ०.३ बार लिहिलं असेल तर टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा साधारण ३ मीटर वर हवं. टाकी बरोबर डोक्यावर असलेल्या शेवटच्या मजल्याला एवढा दाब मिळेलच असं नाही. मग मशीन पाण्याची वाट बघत एरर दाखवतं आणि लोक मशीनला दोष देतात.

कोणतं घ्यावं? माझं मत असं:

पाणी दिवसातून तास-दोन तासच येत असेल तर सेमी-ऑटोमॅटिक. बादलीने भरता येतं, नळावर अडून राहत नाही, दुरुस्ती तालुक्याच्या गावातही होते. याला कमी समजू नका. पाणी चोवीस तास आणि मऊ असेल तर फ्रंट लोड कपडे सगळ्यात छान धुतं, पाणीही कमी घेतं, ७ किलोच्या मशीनला साधारण ५०-६० लिटर. टॉप लोडला त्याच्या दुपटीच्या आसपास. पाणी खूप जड असेल किंवा वाकायचा त्रास असेल तर टॉप लोड, शक्यतो हीटर नसलेलं. हीटरच नाही तर त्यावर क्षारही बसणार नाहीत.

मापात ७ किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन. चौघांच्या घराला रोज-एक दिवसाआड धुणं असेल तर पुरतं. रजया घरी धुवायच्या असतील तर मोठं घ्या.

बीईईच्या (वीजबचतीचे तारे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) स्टार लेबलवर तारे मोजताना खालचं वर्षही वाचा. आणि "मोटरची दहा वर्षं वॉरंटी" म्हणजे मशीनची नव्हे. बिघाड बहुतेक वेळा सर्किट बोर्ड, ड्रेन पंप, दाराचं रबर यात होतो. पूर्ण मशीनची वॉरंटी किती, ते वेगळं विचारा. आपल्या पिनकोडला सर्व्हिस मिळते का हेही पैसे भरण्यापूर्वी.

७. मशीन घरी आल्यावर

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. पोचा, ओरखडा दिसला तर त्याच दिवशी कळवा.

फ्रंट लोडच्या मागे प्रवासात ड्रम हलू नये म्हणून मोठे बोल्ट लावलेले असतात. ते काढल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. आमच्याकडे कंपनीचा माणूस यायला चार दिवस होते, म्हणून ओळखीच्या प्लंबरकडून आम्ही पाइप जोडून घेतले. स्पिन सुरू झाला तसं मशीन धडधडत हातभर पुढे सरकलं आणि नळाचा पाइप ताणला गेला. प्लग काढेपर्यंत काळजाचा ठोका चुकला. माणूस आला, त्याने मागचे चार बोल्ट काढून हातात दिले. ते बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना पुन्हा लागतात.

बसवायला येणारा स्टँड, कव्हर, जास्तीची वॉरंटी आणि डिस्केलिंग म्हणजे क्षार काढायच्या पावडरचे डबे विकायचा प्रयत्न करतो. चाकांचा स्टँड मी घेतला नसता तर बरं झालं असतं, मशीन त्यावर जास्त हलतं. मशीन सपाट जमिनीवर, चारही पाय स्क्रूने समपातळीत आणून ठेवा. वर पाण्याने भरलेली ताटली ठेवून बघा, पाणी एका बाजूला सरकत असेल तर पाय अजून नीट नाहीत. खालची बाजू उघडी असेल तर उंदरांसाठी जाळी मात्र नक्की बसवून घ्या, वायरी कुरतडल्या तर ते वॉरंटीत धरत नाहीत.

सांडपाण्याचा पाइप पुस्तिकेतल्या उंचीवरच अडकवा. जमिनीवर सोडला तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं.

८. रोजचं धुणं

फ्रंट लोडला कमी फेसाचा, मशीनसाठीचाच डिटर्जंट घाला. हाताने धुवायची पावडर घातली तर फेस ड्रम अडवतो आणि कपडे धुतलेच जात नाहीत. पाणी जड असेल तर डिटर्जंट थोडा वाढवा. वाळल्यावर काळ्या कपड्यांवर पांढरी भुकटी दिसली तर समजायचं की डिटर्जंट, क्षार नीट निघत नाहीयेत. एक जास्तीचं खळबळणं लावा आणि ड्रममध्ये कपडे कमी भरा. वरच्या बाजूला आपली वीत आडवी जाईल एवढी जागा हवी.

रोजच्या कपड्यांना ३०-४० अंश पुरे. वीज जाते ती पाणी तापवण्यात. चादरी, अभ्रे, आजारी माणसाचे कपडे ६० अंशांवर धुवा, धुळीतले किडेही त्यात मरतात. खिसे तपासा. नाणं ड्रेन पंपापर्यंत गेलं की पंपच बदलावा लागतो.

धुणं झालं की दार आणि पावडरचा कप्पा उघडा ठेवा. दाराच्या रबराची घडी उलगडून पुसून घ्या, बुरशीचा काळा थर तिथेच सुरू होतो. महिन्यातून एकदा ड्रम क्लीन. जड पाणी असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या मापात डिस्केलिंग, आणि त्याच फेरीत ब्लीच अजिबात नको. नळाच्या पाइपच्या तोंडाशी छोटी जाळी असते, ती टँकरच्या पाण्यात दोन-तीन महिन्यांत रेतीने भरते. नळ बंद करा, पाइप सोडवा, जाळी पक्कडीने ओढून टूथब्रशने धुवा. "पाणीच घेत नाही" या तक्रारीतला मोठा भाग इथेच मिटतो.

९. व्हॅक्यूम क्लीनर: आधी सहा महिने थांबा

आपल्या घरात कार्पेट नसतात आणि रोजचा केर झाडूने पाच मिनिटांत निघतो. व्हॅक्यूमची खरी गरज गादी, सोफा, पडदे, खिडक्यांचे रूळ, गाडी आणि धुळीची ॲलर्जी असलेला माणूस घरात असेल तर. दम्याचा त्रास असलेल्यांना झाडूने उडणारी धूळ फार त्रास देते, त्या घरी मी थांबा म्हणणार नाही. हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारा) आणि बंद डबा असलेला घ्या, आणि डबा घराबाहेर, तोंडाला मास्क लावून रिकामा करा.

वॅट म्हणजे ओढण्याची ताकद नव्हे, ती मोटर किती वीज खाते एवढंच. दुकानात चालवून बघा, आणि फिल्टर सुटा मिळतो का, केवढ्याला, ते विचारा. रांगोळी, उदबत्तीची राख, पीओपीची आणि सिमेंटची धूळ साध्या व्हॅक्यूमने ओढू नका. इतकी बारीक पूड फिल्टर कोंडते आणि मोटर तापते. दिवाळीनंतर रांगोळी आधी सुपलीत भरायची, उरलेली ओल्या फडक्याने.

रोबो व्हॅक्यूम घ्यायचा असेल तर घरातले उंबरे पट्टीने मोजा. दोन सेंटिमीटरच्या वर असतील तर बहुतेक रोबो अडतात. त्याच्या पाण्याच्या टाकीत फिनाईल घालू नका, बारीक नळ्या तुंबतात.

१०. पावसाळ्याची तयारी

जूनच्या आधी एक रविवार काढा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, म्हणजे मागून हवा खेळेल. बाथरूमच्या टाइलवर आणि सिलिकॉनच्या पट्टीवर आलेली बुरशी ब्लीचच्या पाण्याने जाते. रंगाच्या भिंतीवर मात्र ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय पुसून काही होत नाही, पंधरा दिवसांत परत येते. कोरडी बुरशी झाडूने झाडू नका, घरभर पसरते. आधी ओल्या फडक्याने टिपून घ्या, मास्क लावून.

आणि आंघोळ झाली की काचेवर, टाइलवर छोटा वायपर फिरवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. पाणी सुकलं तर क्षार उरतात, पुसलं तर उरत नाहीत. एका वायपरने आमच्याकडचा डाग काढायच्या बाटल्यांचा खर्च जवळजवळ संपवला.

११. कागदपत्रं एका फाइलमध्ये

• पक्कं बिल, जीएसटी क्रमांक आणि मशीनचा सिरियल नंबर असलेलं. हा नंबर मशीनवरच्या स्टिकरशी घरीच ताडून बघा.
• वॉरंटी कार्ड, दुकानाच्या शिक्क्यासह, किंवा ऑनलाइन नोंदणीचा स्क्रीनशॉट.
• पुस्तिका. मराठीत नसली तरी चित्रं आणि एररचे कोड उपयोगी पडतात.
• बसवल्याच्या दिवसाची नोंद आणि आलेल्या प्रत्येक दुरुस्तीची पावती. वॉरंटीत फुकट झालेल्या कामाचीही मागा.

थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर लेखी तक्रार करा, तक्रारीचा नंबर घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा, तिथे मराठीतही बोलता येतं. फोन करताना बिल, सिरियल नंबर आणि आधीच्या तक्रारींच्या तारखा समोर घेऊन बसा, कारण पहिल्या दोन मिनिटांत तेच विचारतात.